रिकामी जागा आणि ड्रमवादक

गीताची एक ओळ संपून दुसरी सुरू होण्यापूर्वी ड्रमवादक ठेका क्षणभर मोडून जो तुकडा वाजवितो, त्यास ‘फिल’ म्हणतात. पुष्कळ वादक ही जागा चपळाईने भरून काढतात आणि गाणाऱ्याचा शब्द बुडवितात.

बीटल्सच्या ‘अ डे इन द लाइफ’ (१९६७) या गीतातील रिंगो स्टारचे तुकडे रसिकांनी मुद्दाम ऐकावेत. जॉन लेननच्या ओळींमागून ते टॉम-टॉमवर जड पावलांनी येतात, ओळीला उत्तर देतात आणि बाजूला होतात. रिंगो डावखुरा; ड्रम मात्र उजव्या हाताच्या वादकासाठी मांडलेले. एका ड्रमवरून दुसऱ्याकडे जाताना त्याचा हात इतरांसारखा वळत नाही. या अडचणीतूनच त्याची शैली घडली.

तेव्हा स्वतःचा तुकडा रचू पाहणाऱ्या तरुणाने दुसऱ्याचा हात गिरवू नये. आपल्याकडे तबल्याचे बोल आधी तोंडाने पढतात, मग हातात येतात. ड्रमवादकानेही गीत गुणगुणत आपला तुकडा तोंडाने म्हणून पाहावा. म्हणताना पुढची ओळ अडखळली, तर तुकडा कितीही देखणा असो, तो निःशंक टाकावा. वेग सरावाने येतो. कोठे थांबावे, हे गीत ऐकूनच कळते.