पास कोण, नापास कोण?

गटारलाइन नाही, वीज बेभरवशाची, पाणी टँकरचं. अशा ठिकाणी मैलापाणी जागेवरच शुद्ध करणाऱ्या शौचालयांसाठी २०१८ मध्ये आयएसओ ३०५०० हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. मानक कामाचं आहे, पण त्यातल्या एका आकड्याशी माझं भांडण आहे.

शुद्ध केलेलं पाणी ओढ्या-नदीत सोडायचं असेल, तर त्याचा सीओडी (म्हणजे घाणीचं रासायनिक ऑक्सिडीकरण करायला किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप) लिटरमागे १५० मिलिग्रॅमच्या आत हवा. रास्त वाटतं ना? आता हिशेब करून बघा.

समजा, माणशी रोज ६० ग्रॅम सीओडी तयार होतो. पहिल्या घरात दिवसाला ६० लिटर पाणी फ्लशला जातं. म्हणजे लिटरमागे १,००० मिलिग्रॅम. यंत्राने ८५ टक्के घाण काढली की १५० उरले. पास!

दुसऱ्या घरात तांब्याने जेमतेम १० लिटर वापरतात. घाण तेवढीच, पण लिटरमागे ६,०००. इथल्या यंत्राने ९० टक्के काढली तरी ६०० उरतात. नापास!

आता ओढ्याच्या बाजूने बघा. पहिल्या घरातून रोज ९ ग्रॅम आले, दुसऱ्यातून ६. जास्त घाण सोडणारा पास आणि पाणी वाचवणारा नापास! दुसऱ्याला पास व्हायचं तर ९७.५ टक्के गाठावे लागतील, आणि हे शेवटचे टक्केच सगळ्यात महाग पडतात. जिथे वीजच नाही, तिथे ती आणायची कुठून?

गंमत म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरससाठी हेच मानक टक्क्यांत बोलतं: अनुक्रमे ७० आणि ८० टक्के घट. म्हणजे दुसरी मोजपट्टी त्याच्याकडे आहे.

तेच पाणी पुन्हा फ्लशला वापरायचं असेल, तर लिटरमागची मर्यादा हवीच. वास आणि रंग शेवटी त्या लिटरातच असतो. छोट्या, आटत आलेल्या ओढ्यालाही दाट पाणी झेपत नाही, हेही खरं. म्हणून ही मर्यादा काढून टाका असं मी म्हणत नाही. तिच्या शेजारी ‘माणशी रोज किती ग्रॅम बाहेर गेले’ हा रकाना असावा, एवढंच.

तोवर एखाद्या यंत्राच्या जाहिरातीत ‘मानकानुसार’ असं दिसलं, तर एक प्रश्न नक्की विचारा: पाणी किती ओतलं होतं?