विज्ञानलेखक पुष्कळ, विज्ञानसंपादक विरळा
मराठीतले विज्ञानलेखन मराठी नियतकालिकांइतकेच जुने आहे. ‘दर्पण’ हे वृत्तपत्र बंद पडले त्याच वर्षी, 1840 मध्ये, बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दिग्दर्शन’ हे मराठीतले पहिले मासिक काढले आणि त्यात भौतिकशास्त्र, भूगोल, इतिहास अशा विषयांना जागा दिली. बाळशास्त्री तेव्हा एल्फिन्स्टनमध्ये शिकवत होते. पोट अध्यापनावर, मासिक त्याच्या जोडीला, ही जी घडी तिथे बसली ती पुढे मोडलीच नाही. 1850 चे ‘मराठी ज्ञानप्रसारक’, 1867 चे ‘विविधज्ञानविस्तार’, 1928 चे ‘सृष्टिज्ञान’, आणि 1966 मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका, या सगळ्यांमागे प्राध्यापक, अभियंते, डॉक्टर आणि निवृत्त संशोधक उभे आहेत. त्यांचे श्रम मोठे आहेत, आणि बहुतांशी बिनमोबदल्याचे आहेत.

या परंपरेने मराठीला विज्ञानलेखक दिले, पण विज्ञानसंपादक हा पगारी पेशा उभा राहिला नाही. हीच या क्षेत्राची मुख्य उणीव आहे. ललित साहित्यात असे झाले नाही. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या काळात ‘सत्यकथा’ मासिकाकडे आलेली कथा सूचनांसह लेखकाकडे परत जाई, पुन्हा लिहिली जाई. विज्ञानाच्या मजकुराला असा वाचक क्वचित मिळाला. लेखक विषयातला जाणकार आहे एवढ्यावर लेख छापला जातो. मग पहिल्याच परिच्छेदात चार अनोळखी संज्ञा येतात, आकडे संदर्भावाचून लटकतात, आणि दहावीपर्यंत शिकलेला जिज्ञासू माणूस पान उलटतो. दोष लेखकाचा नाही. लेखक आणि वाचक यांच्यामध्ये जो बसायला हवा तो तिथे नाही.

जिथे निवड करणारी नजर होती तिथे काय घडू शकते, याचा पुरावाही मराठीतच आहे. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. परीक्षकांनी ती अनोळखी नावावर निवडली. ती जयंत नारळीकरांची आहे, त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून नाव घेतले आहे, हे नंतर कळले. मराठी विज्ञानकथेला त्यानंतर जो बहर आला त्यात या निवडीचा वाटा आहे.

पूर्णवेळ संपादनाकडे वळलेले मराठी वैज्ञानिक म्हणजे बाळ फोंडके. भाभा अणुसंशोधन केंद्रातले संशोधन सोडून ते ‘सायन्स टुडे’चे संपादक झाले आणि पुढे दिल्लीत केंद्र सरकारच्या विज्ञान प्रकाशन विभागाचे प्रमुख. ते मराठीत विपुल लिहीत राहिले, पण संपादकाची खुर्ची त्यांना इंग्रजी नियतकालिकाने दिली. निरंजन घाटे यांनी दुसरी वाट धरली: आकाशवाणी, मासिके, मग लेखणीवरच संसार. ती वाट त्यांनी अफाट वाचन आणि अखंड लेखन यांच्या बळावर पार केली. दर पिढीत दहा जणांनी त्याच वाटेने जावे अशी अपेक्षा कोणताही व्यवसाय ठेवू शकत नाही.

वाशिम जिल्ह्यातल्या जऊळक्यासारख्या गावातून पाहिले की ही उणीव नेमकी कुठे बोचते ते दिसते. बातम्या तिथे कमी नाहीत. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे विवर आहे, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे, बेसाल्ट खडकात उल्काघाताने झालेले. जून 2020 मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले. शैवाल की आणखी काही, असे तर्क आधी छापून आले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासल्यावर कारण ठरले मीठप्रिय आर्किया. हे जीव जीवाणूंसारखे दिसतात, पण जीवाणू नव्हेत. त्यांचा गटच वेगळा. मराठी मजकुरात मात्र ते जागोजागी ‘जीवाणू’ म्हणून आले. त्या शब्दापाशी थांबून एका ओळीचा खुलासा घालणे हेच विज्ञानसंपादकाचे काम. विवराच्या वयाचेही तेच. सुमारे 52 हजार वर्षे हा आकडा अजून सर्रास छापला जातो, वास्तविक नंतरच्या आर्गॉन मापनाने ते वय साडेपाच लाख वर्षांच्या पुढे नेले आहे.

लोणार हा पाहुण्यांचा विषय. सोयाबीन आणि कपाशी हे रोजचे. पिवळा मोझॅक हा विषाणूजन्य रोग पांढरी माशी पसरवते, आणि तो झाल्यावर बुरशीनाशक मारून उपयोग नसतो. 2002 मध्ये परवानगी मिळालेल्या बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी मात करू लागली आणि 2017 मध्ये विदर्भात तिने हाहाकार केला. त्यामागे उत्क्रांतीचा साधा नियम आहे. वृत्तपत्रांत हे सारे नुकसानभरपाई आणि पंचनाम्यांच्या बातम्यांत विरून जाते. 2005 मध्ये सुरू झालेल्या ‘अ‍ॅग्रोवन’ने रोजच्या अंकात शेतीविज्ञानाला जागा दिली, आणि अलीकडच्या मराठी पत्रकारितेतले हे सर्वांत भरीव काम म्हणावे लागेल. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि रिसोड तालुक्यातील करड्याचे कृषी विज्ञान केंद्र जवळ असल्याने इथल्या तरुण वार्ताहराला विचारायला माणसे आहेत. त्याचे मानधन मात्र बहुधा जाहिराती आणण्यावर ठरते, प्रश्न विचारण्यावर नाही.

या पेशात येऊ पाहणाऱ्याला विज्ञानाची पदवी पुरत नाही, पत्रकारितेची पदविकाही पुरत नाही. मूळ शोधनिबंध वाचता येणे, नमुना किती जणांचा होता हे आधी पाहणे, संशोधकाला फोन करून मूर्ख वाटणारा प्रश्न विचारणे, आणि मग दुसऱ्याच्या लेखावर बसून त्याचे वाक्य त्याच्याच आवाजात सोपे करणे, एवढे यावे लागते. यातले शेवटचे सर्वांत कठीण, आणि ते वर्गात कमी, मुद्रितशोधनाच्या टेबलावर जास्त शिकता येते. पूर्वी ते टेबल मासिकांच्या कचेऱ्यांत होते. आज बहुतेक मराठी मासिके दिवाळी अंकाच्या जाहिरातींवर वर्ष काढतात, उपसंपादकाची जागा भरत नाहीत. सरकारी आधारही आटला: भारतीय भाषांत विज्ञानप्रसारासाठी 1989 मध्ये स्थापन झालेली ‘विज्ञान प्रसार’ ही संस्था 2023 मध्ये बंद करण्यात आली. उरते ते मुक्त लेखन, अनुवाद, पाठ्यपुस्तकांचे संपादन आणि संशोधन संस्थांचे जनसंपर्क विभाग. मराठी विज्ञानसंपादक आज घडतात ते या चार ठिकाणी, तुकड्यातुकड्यांनी.