नगराचे भूत आणि पाहुण्याची नजर

‘झपाटणे’ हे क्रियापद मराठीत मुळात माणसाच्या संदर्भात येते. भूत झपाटते ते माणसाला; वास्तूला किंवा गावाला ‘झपाटलेले’ म्हणणे हा लाक्षणिक प्रयोग होय. जुन्या नगरांविषयी आणि समुद्रकाठच्या गावांविषयी जे भयसाहित्य निर्माण झाले, त्याचा विचार करताना हा भाषिक तपशील उपयोगी पडतो. कारण या साहित्याचा केंद्रवर्ती प्रश्नच असा आहे की, झपाटलेले कोण असते : नगर, की तेथे आलेला पाहुणा?

या दृष्टीने एकाच दशकातील दोन कलाकृती शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. रवींद्रनाथ ठाकुरांची ‘क्षुधित पाषाण’ ही कथा 1895 मधील, तर ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी 1897 मधील. दोन्हींचा उगम प्रत्यक्ष वास्तव्यात आहे. 1878 मध्ये सतरा वर्षांचे रवींद्रनाथ अहमदाबादेत बंधू सत्येंद्रनाथ यांच्याकडे राहिले. साबरमतीकाठचा शाहीबागेतील मोगलकालीन महाल हेच न्यायाधीश असलेल्या सत्येंद्रनाथांचे निवासस्थान होते. स्टोकर 1890 च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील व्हिटबी या गावी राहिला. तेथील ग्रंथालयातील एका पुस्तकात त्याला ‘ड्रॅक्युला’ हे नाव सापडले, आणि 1885 मध्ये त्याच किनाऱ्यावर रुतलेल्या ‘दिमित्री’ या रशियन जहाजाची हकीकतही त्याच्या हाती आली. कादंबरीत या जहाजाचे ‘डिमीटर’ झाले.

दोन्ही कलाकृतींत नगराकडे पाहणारी नजर बाहेरून आलेल्याची आहे. रवींद्रनाथांचा कथेकरी निजामाच्या नोकरीत कापसाचा महसूल गोळा करण्यासाठी आलेला आहे. स्टोकरची मिना सुटी घालवण्यासाठी आलेली आहे. दोन्हींत या पाहुण्यासमोर एक स्थानिक माणूस उभा केलेला आहे आणि त्याचे काम एकच आहे : दिसते ते खोटे आहे, असे सांगणे. महालाभोवती रोज पहाटे फिरणारा वेडा मेहेर अली सगळे मिथ्या असल्याचे ओरडून सांगतो. व्हिटबीचा वयोवृद्ध खलाशी स्वेल्स मिनाला सेंट मेरी चर्चच्या दफनभूमीत सांगतो की, या दगडांवरचे लेख खोटे आहेत. ज्यांची नावे येथे कोरली आहेत, त्यांतले अनेक जण दूर समुद्रात बुडाले, त्यांचे देह येथे नाहीतच.

हे साम्य लक्षणीय आहे; परंतु खरे महत्त्व आहे ते पुढील भेदाला. रवींद्रनाथांच्या महालातील भूत त्या महालाचेच आहे. वृद्ध कारकून करीम खाँ सांगतो त्याप्रमाणे, तेथे अतृप्त राहिलेल्या वासनांनी आणि शापांनी एकेक दगड भुकेला झालेला आहे. रात्री कथेकऱ्याला जाणवणाऱ्या स्त्रीमागे दासी म्हणून आणल्या गेलेल्यांचा इतिहास आहे. मेहेर अलीही परका निषेधक नव्हे. तो स्वतः त्या महालात राहून जिवंत बाहेर पडलेला एकमेव माणूस आहे, आणि त्याची किंमत त्याने बुद्धी देऊन चुकवली आहे. म्हणून त्याचा नकार हीच सर्वांत मोठी साक्ष ठरते. त्या इराणी दासीची गोष्ट सुरू होणार, एवढ्यात गाडी येते आणि कथा तुटते. हा तुटलेपणा केवळ क्लृप्तीचा भाग नाही. प्रवाशाला नगराचे दुःख पूर्ण ऐकण्याइतका वेळ नसतो, हेच येथे रचनेतून सांगितले गेले आहे.

स्टोकरचे भूत मात्र जहाजातून येते. तेही व्हिटबीत पाहुणेच आहे. गावाचे स्वतःचे मृत होते : 1861 च्या फेब्रुवारीतील वादळात जीवरक्षक नौकेवरील तेरा जणांपैकी बारा जण बुडाले होते. स्वेल्स ज्या रिकाम्या थडग्यांविषयी बोलतो, ती अशाच गावाची आहेत. कादंबरी हा शोक क्षणभर उघड करते आणि मग परदेशी सरदाराला त्याच दफनभूमीत आश्रय देते. स्वेल्स मान मोडून मरतो. त्याच्याबरोबर गावाची स्वतःची वाणीही कथानकातून नाहीशी होते. ‘ड्रॅक्युला’ची बांधणी विलक्षण आहे, हे निर्विवाद; परंतु व्हिटबीच्या दुःखाचा उपयोग तिने नेपथ्यासारखा केला, हेही नाकारता येत नाही. याचे फलित व्हिटबीतच पाहायला मिळते. 199 पायऱ्या चढून येणारे पर्यटक ड्रॅक्युलाचे थडगे कोठे आहे असे विचारू लागले, आणि असे थडगे येथे नाही, अशी सूचना चर्चला लावावी लागली. स्वेल्सचे म्हणणे असे विपर्यस्त रूपात खरे ठरले.

हा प्रश्न केवळ साहित्याचा नाही. रामेश्वर बेटाच्या टोकावरील धनुष्कोडी 22-23 डिसेंबर 1964 च्या रात्री चक्रीवादळात उद्ध्वस्त झाले. पांबनहून आलेली प्रवासी गाडी शंभराहून अधिक माणसांसह लाटांखाली गेली. शासनाने गाव वस्तीस अयोग्य ठरवले. तरीही मच्छीमार कुटुंबे त्या वाळूवर परतली. 2017 मध्ये अरिचलमुनैपर्यंत रस्ता झाला आणि ‘भुतांचे गाव’ पाहण्यास येणाऱ्यांची वाट सुकर झाली. पडक्या चर्चपाशी आणि रेल्वे स्थानकाच्या अवशेषांपाशी थांबणाऱ्या पाहुण्याला शेजारी जाळे विणणारा माणूस दिसतोच असे नाही. ‘भुतांचे गाव’ या शब्दांनी मेलेल्यांचा मान राखला जात नाही, आणि जिवंत माणसे मात्र त्यांतून वगळली जातात.

म्हणून अशा साहित्याचे मूल्यमापन करताना भयनिर्मितीचे कौशल्य ही कसोटी अपुरी पडते. कलाकृतीतील भूत त्या नगराच्या इतिहासातून आले आहे की पाहुण्याच्या करमणुकीसाठी बाहेरून आणले आहे, आणि ‘हे खोटे आहे’ म्हणणाऱ्या स्थानिक माणसाला तिच्यात किती काळ बोलू दिले आहे, हे तपासले पाहिजे. या कसोटीवर रवींद्रनाथांची छोटी कथा स्टोकरच्या विस्तृत कादंबरीपेक्षा उजवी ठरते. तिच्यातला मेहेर अली शेवटपर्यंत महालाभोवती फिरत राहतो; लेखकाने त्याला गप्प केलेले नाही.