'गेला तो, मी नाही'

युरोपातल्या अभिजात साहित्याचं नाव काढलं की डोळ्यांपुढे जाडजूड ग्रंथ येतात आणि आपण 'कधीतरी वाचू' म्हणून मोकळे होतो. ल्येव तॉलस्तॉयच्या 'इव्हान इल्यिचचा मृत्यू' या दीर्घकथेपुढे ही सबब चालत नाही. १८८६ साली प्रसिद्ध झालेली ही कथा १२ छोट्या प्रकरणांची आहे. एका संध्याकाळी वाचून होते.

शेवट शीर्षकातच सांगून टाकलाय. पहिल्याच प्रकरणात न्यायाधीश इव्हान इल्यिच गेल्याची बातमी त्याचे सहकारी वर्तमानपत्रात वाचतात. सगळ्यांच्या मनात आधी येतं ते हेच, की आता बढती कोणाला मिळणार? पाठोपाठ एक सुटकेचा निःश्वास : गेला तो, मी नाही. त्यातला एक मित्र घरी भेटायला जातो. विधवा रडता रडता सरकारकडून जास्तीत जास्त पैसे कसे काढता येतील याची चौकशी करते आणि मित्राच्या बुडाखालच्या बैठकीच्या बिघडलेल्या स्प्रिंगा त्याला धड बसू देत नाहीत. आपल्याला हसू येतं. ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकून पुढच्या मेसेजकडे वळणारे आपण त्या सहकाऱ्यांपेक्षा फार वेगळे नाही, हे मात्र हसताना लक्षात येत नाही.

या कथेचं सार 'दिखाऊ जगू नका' असं सांगितलं जातं. मला ते अपुरं वाटतं. इव्हान दुष्ट नाही, नोकरीत चोख आहे. नव्या घरात पडदा कसा लावायचा हे कारागिराला दाखवताना तो शिडीवरून घसरतो, कुशीला मार बसतो आणि पुढे दुखणं वाढत जातं. आजार गंभीर आहे का, एवढंच त्याला डॉक्टरकडून हवं असतं. डॉक्टर मात्र दोष मूत्रपिंडाचा की आंत्रपुच्छाचा, यातच रमलेला. तेव्हा इव्हानला ओळख पटते : न्यायालयात आरोपीपुढे आपणही हाच चेहरा लावून बसायचो. समोरच्या माणसाचं 'प्रकरण' करून टाकण्याची ही सवय तॉलस्तॉयने नेमकी पकडली आहे. माझ्या मते कथेचा कणा हाच आहे.

एक तक्रार आहे. इव्हानशी खोटं न बोलणारा तरुण नोकर गेरासिम फारच निर्मळ उतरला आहे. त्याला स्वतःचं दुःख नाही, कंटाळा नाही. खेड्यातला माणूस म्हणजे शहाणपण, हा तॉलस्तॉयचा आवडता ग्रह इथे उघडा पडतो. तरीही तो पटतो, कारण तो उपदेश करत नाही. मालकाला बरं वाटावं म्हणून त्याचे पाय आपल्या खांद्यांवर घेऊन रात्र-रात्र बसतो, इतकंच.

शेवटचं प्रकरण संपलं की लगेच पहिलं पुन्हा वाचा. त्या बैठकीच्या स्प्रिंगांचं आता हसू येतं का, बघा.