न वाजवण्याचे श्रेय : बिल ब्रुफर्डच्या ड्रमवादनाविषयी

२३ नोव्हेंबर १९७३ रोजी ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाउ सभागृहात ‘किंग क्रिमझन’ या इंग्लिश रॉक बँडने एक रचना जागच्या जागी, उत्स्फूर्तपणे उभी केली. व्हायोलिन, बास गिटार आणि मेलोट्रॉन ही तीन वाद्ये अगदी हलक्या आवाजात एकमेकांशी बोलत राहिली. चौथा वादक, ड्रमर बिल ब्रुफर्ड, काठ्या छातीशी आडव्या धरून बसून होता. त्याने एकही ठोका दिला नाही. पुढे १९७४ च्या ‘स्टारलेस अँड बायबल ब्लॅक’ या अल्बममध्ये ही रचना ‘ट्रिओ’ नावाने आली, तेव्हा रचनाकार म्हणून चौघांचीही नावे छापली गेली.

जो वाजलाच नाही त्याला श्रेय कशाचे? तबल्याची साथ ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न परका नाही. नुसता ठेका धरून बसणे किती कठीण, हे आपण जाणतो. पण मैफलीचा कर्ता म्हणून साथीदाराचे नाव घेताना आपणही अडखळतोच. ब्रुफर्डची सगळी कारकीर्द मला या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसते.

त्याचा जन्म १९४९ चा, केंट परगण्यातल्या सेव्हनओक्सचा. बीबीसीवर जॅझचे कार्यक्रम पाहत तो वाढला. मॅक्स रोच त्याचे दैवत. तरी १९६८ मध्ये तो ‘येस’ या रॉक बँडमध्ये दाखल झाला. १९७२ चा ‘क्लोज टू द एज’ अमेरिकेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढला, पण तोवर ब्रुफर्ड बाहेर पडून क्रिमझनमध्ये गेलेला होता. याला चंचलपणा म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. आपला वाटा ठरून गेला, म्हणजे पुढे फक्त तोच पुन्हा पुन्हा वाजवणे उरले, की हा माणूस उठतो. १९७६ मध्ये ‘जेनेसिस’बरोबर तो दौऱ्यावर गेला. तिथे बरेचसे दुसऱ्याने बसवलेलेच वाजवायचे होते. ते एका दौऱ्यापलीकडे गेले नाही.

१९८१ चा ‘डिसिप्लिन’ हा मला त्याच्या कामाचा शिखरबिंदू वाटतो. क्रिमझनच्या या नव्या अवतारात रॉबर्ट फ्रिपने त्याला झांजा शक्यतो टाळायला सांगितले. रॉक ड्रमरची झांज काढून घेणे म्हणजे लावणीतून ढोलकी काढून घेण्यासारखेच! ब्रुफर्डने ती जागा इलेक्ट्रॉनिक ड्रम आणि लाकडी स्लिट ड्रमने भरली. शीर्षकरचनेत त्याचे हात १७ लघुमात्रांच्या आवर्तनात फिरतात आणि पायाखालचा बास ड्रम साधी ४/४ लय धरून असतो. १७ आणि १६ यांची सम पुन्हा एकत्र यायला २७२ लघुमात्रा लागतात. मी हा हिशेब कॅसेट मागेपुढे करून, बोटांवर मोजत, दोनदा चुकून केला. मात्र ऐकताना हिशेब जाणवत नाही, जाणवते ती सरकत जाणारी जमीन. यात साथ कुठली आणि रचना कुठली, हे मला तरी वेगळे काढता आले नाही.

१९८६ मध्ये जँगो बेट्स आणि इयन बॅलमी या तरुण वादकांना घेऊन त्याने ‘अर्थवर्क्स’ हा जॅझ गट काढला. इलेक्ट्रॉनिक ड्रमवर तो आता सुरावटी आणि स्वरसंघात वाजवू लागला. कल्पना धीट होती, पण त्या यंत्रांचा आवाज आज जुना झालेला ऐकू येतो, हे मान्य केले पाहिजे. ड्रमरने रचनाकार असल्याचे सिद्ध करायला सूर काढून दाखवावेत, ही मागणी त्याने स्वतःवर लादून घेतली असावी. ‘ट्रिओ’मधल्या शांततेला तिची गरज नव्हती. नव्वदीच्या अखेरीस गटाचा दुसरा संच अकूस्टिक ड्रमवर परतला आणि वादन पुन्हा मोकळे झाले.

२००९ मध्ये त्याने जाहीर वादन थांबवले. मग सरे विद्यापीठात संशोधनाला बसून २०१६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. विषय काय? ड्रमरची सर्जनशीलता! दुसऱ्याने सांगितलेले काम चोख बजावणे हे एक टोक, स्वतः रचणे हे दुसरे, आणि ड्रमर या दोहोंमध्ये कुठे कुठे उभा असतो, याचा त्याने इतर ड्रमरांशी बोलून शोध घेतला. २०१८ मध्ये त्याचे पुस्तक झाले. वयाच्या सत्तरीनंतर तो गिटारवादक पीट रॉथच्या लहानशा त्रिकुटात पुन्हा ड्रमवर बसू लागला.