सेल्युलर मोडेमची स्थिती आणि यजमान आज्ञावलीचे आकलन : एक चिकित्सा

प्रस्तावना :
नदीकाठच्या दुर्गम ठिकाणी बसविलेली जलपातळीमापक यंत्रे आपली माहिती अनेकदा सेल्युलर मोडेममार्फत मुख्य केंद्राकडे पाठवितात. तेथे माणूस नसल्याने मोडेम कार्यरत आहे किंवा नाही, याचा निर्णय यंत्रातील यजमान संगणकावरील आज्ञावलीलाच घ्यावा लागतो. तो चुकल्यास ऐन पुरात इशारा पोहोचत नाही. या निर्णयाच्या रूढ पद्धतीची चिकित्सा हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रूढ पद्धतीच्या मर्यादा :
हेज कंपनीच्या १९८१ मधील स्मार्टमोडेमपासून रूढ झालेली 'एटी' आज्ञापद्धती पुढे थ्रीजीपीपीच्या २७.००७ या मानकात विस्तारली. त्यातील 'सीएसक्यू' ही आज्ञा सिग्नलची तीव्रता ० ते ३१ या अंकांत, म्हणजे उणे ११३ ते उणे ५१ डीबीएम या कक्षेत सांगते. ९९ या अंकाचा अर्थ मात्र 'अज्ञात' असा आहे. हा भेद न पाळणारी आज्ञावली अज्ञानालाच उत्तम सिग्नल समजते.

याहून गंभीर दोष म्हणजे तीव्रतेलाच जोडणी मानणे. सिग्नल प्रबळ असूनही नेटवर्क नोंदणी नाकारू शकते. 'सीआरईजी'चे २ हे उत्तर शोध चालू असल्याचे, तर ३ हे नोंदणी नाकारल्याचे दर्शविते. नाकारण्याचे कारण सिमकार्डात वा सेवाखात्यात असल्यास मोडेम पुनःपुन्हा सुरू करणे व्यर्थ ठरते. शिवाय एलटीईसाठी 'सीईआरईजी' ही स्वतंत्र आज्ञा असल्याने केवळ जुन्या आज्ञेवर विसंबणे अपुरे आहे.

ठरावीक अंतराने प्रश्न विचारल्यास मधल्या काळातील खंड नजरेतून सुटतो. मानकात मोडेमने आपणहून बदल कळविण्याची सोय आहे. परंतु यजमान संगणक बंद असताना आलेली सूचना हरवते. म्हणून दोन्ही मार्ग परस्परपूरक मानणे इष्ट होय.

लिनक्सवरील 'मोडेममॅनेजर' ही आज्ञावली 'नोंदणीकृत' व 'जोडलेला' या अवस्था वेगळ्या ठेवते, हे तिचे श्रेय मान्य करावे लागेल. तथापि 'जोडलेला' मोडेमही केंद्रापर्यंत माहिती पोहोचल्याची हमी देत नाही.

निष्कर्ष :
सिम सज्ज आहे काय, नोंदणी झाली काय, माहितीवहनाचे सत्र चालू आहे काय आणि केंद्राकडून पोच मिळाली काय, हे चार प्रश्न स्वतंत्रपणे विचारले पाहिजेत. पहिले तीन बिघाडाचे स्थान सांगतात; संपर्काचा पुरावा फक्त चौथा देतो. तो न विचारणारी देखरेख मोडेमची असते, सेवेची नव्हे.