‘नाही’, ‘नको’ आणि जिवाणूंचे तर्कशास्त्र

जिवाणूंच्या पेशीत कृत्रिम जनुकमंडले बसवून त्यांच्याकडून परिसरातील द्रव्यांची वार्ता मिळवावयाची, ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. जानेवारी २००० मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात एलोविट्झ व लायब्लर यांचे आंदोलक मंडल आणि गार्डनर, कँटर व कॉलिन्स यांचा दोन स्थितींचा खटका प्रसिद्ध झाला. या शास्त्राने आपली परिभाषा विद्युत्-अभियांत्रिकीकडून, आणि तिच्यामार्फत तर्कशास्त्राकडून, उसनी घेतली आहे. जिवाणूंत ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ अशी द्वारे बांधली जातात, असे सांगण्यात येते. मराठीत हा विषय मांडताना ही नावे शब्दशः उतरविण्याचा मोह सहज होतो. तो तपासून पाहण्याजोगा आहे. कारण त्यांपैकी एका नावाच्या मुळाशी असलेली संदिग्धता मराठीत येताच उघडी पडते.

‘आणि’विषयी भांडण नाही. ‘किंवा’ही चालण्यासारखा आहे, ‘चहा की कॉफी’ असा निवड करावयास लावणारा ‘की’ मराठीने वेगळा ठेवल्यामुळे ‘दोन्ही असले तरी चालेल’ हा तर्कशास्त्रीय अर्थ ‘किंवा’वर लादताना फारसे कष्ट पडत नाहीत. ‘हेही नाही, तेही नाही’ या द्वाराला तर ‘ना हे, ना ते’ असा घरचाच प्रयोग मिळतो.

प्रश्न आहे तो नकाराचा. मराठीत नकार एक नव्हे. ‘विहिरीत पाणी नाही’ हे वस्तुस्थितीचे कथन. ‘हे पाणी नव्हे’ हा ओळखीचा निषेध. ‘हे पाणी पिऊ नको’ ही मनाई. वऱ्हाडी बोलणाराही ‘नाई’ आणि ‘नोको’ यांत कधी गल्लत करीत नाही. आता जिवाणूतील तथाकथित ‘नाही’-द्वार कसे चालते ते पाहावे. बाहेरील द्रव्य आले की एक दमनकारी प्रथिन तयार होते. ते डीएनएच्या ठरावीक जागी बसते आणि पुढील जनुकाचे वाचन थांबविते. हे कथन नव्हे, मनाई आहे. झाकोब व मोनो यांनी १९६१ साली ज्या व्यवस्थेचे विवेचन केले तिच्यातही हेच आढळते: दुग्धशर्करेपासून बनलेले द्रव्य दमनकारी प्रथिनाला डीएनएवरून दूर करते, म्हणजे ‘नको’ म्हणणाऱ्यालाच ‘नको’ म्हटले जाते. २०१६ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या ‘सेलो’ या संगणकीय आराखडापद्धतीची द्वारेही अशाच दमनकारी प्रथिनांची होती. तिने रचलेल्या ६० मंडलांपैकी ४५ मंडले प्रत्येक स्थितीत अपेक्षेप्रमाणे चालली. या द्वाराला ‘नको-द्वार’ म्हणणे विचित्र वाटेल, पण ते अधिक खरे ठरेल.

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. यवतमाळ जिल्ह्याच्या काही भागांत भूजलातील फ्लोराइडचा प्रश्न आहे. फ्लोराइड रंगाने वा चवीने कळत नाही; दातांवर आणि हाडांवर परिणाम झाल्यावरच ते आपली ओळख देते. दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारख्या गावी हातपंपाच्या पाण्याची जागच्या जागी परीक्षा व्हावयाची, तर अशा जैविक साधनाचा विचार होणे स्वाभाविक आहे. तसे साधन झालेही आहे. येल विद्यापीठातील ब्रेकर यांच्या गटाने २०१२ साली फ्लोराइड ओळखणारा आरएनएचा खटका वर्णिला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील लक्स यांच्या गटाने तो पेशीबाहेरच्या मिश्रणात बसवून २०२० साली कोस्टा रिकातील नैसर्गिक पाण्यावर केलेली परीक्षा प्रसिद्ध केली. फ्लोराइड असल्यास नळीत पिवळा रंग येतो. नसल्यास वाचन मध्येच तुटते आणि रंग येत नाही. मूळ जिवाणूत हा खटका कोणाला वार्ता देण्यासाठी नाही. फ्लोराइड पेशीबाहेर काढण्याच्या व्यवस्थेला तो चालना देतो. त्यास ‘जाणीव’ म्हणणे ही अलंकारिक भाषा होय.

परंतु रंग न येणे म्हणजे काय? पाण्यात फ्लोराइड नाही, की मिश्रण उन्हाने निकामी झाले, की प्रमाण साधनाच्या उंबरठ्याखाली राहिले? उंबरठा तर माणसाचा. त्या प्रयोगात अमेरिकेतील २ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा समोर होती. भारतीय मानकात स्वीकार्य मर्यादा १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम आहे. तर्कशास्त्राचे शून्य हे एक मूल्य आहे, विधान आहे. नळीतील शून्य हे केवळ मौन. ‘नाही’ या एकाच शब्दाने दोहोंची गाठ घातली की मौनाचा अर्थ ‘पाणी निर्धोक’ असा लावला जातो, आणि त्या चुकीची किंमत ते पाणी पिणाऱ्या मुलाला मोजावी लागते.

या दृष्टीने एडिंबरो विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी २००६ साली केलेला आर्सेनिक-परीक्षेचा आराखडा अधिक विचारपूर्वक केलेला दिसतो. त्यात आर्सेनिक असल्यास द्रव आम्ल व्हावा, आणि नसल्यास युरिया फोडणाऱ्या विकरामुळे अल्कधर्मी व्हावा, अशी योजना होती. म्हणजे अभावालाही स्वतःचे चिन्ह दिले होते. हे खरे ‘नाही’. फ्लोराइडच्या नळीबाबत याहून साधा उपाय आहे: त्याच पाण्यात मुद्दाम फ्लोराइड घातलेली दुसरी नळी शेजारी ठेवावयाची. ती पिवळी झाली तरच पहिलीच्या मौनाला अर्थ येतो, तोही साधनाच्या उंबरठ्यापुरता. दुसरीही कोरी राहिली, तर सोबतच्या मराठी सूचनापत्रावर ‘फ्लोराइड नाही’ असे छापलेले नसावे. ‘परीक्षा झाली नाही, पाणी तूर्त पिऊ नये’ असे असावे.